खिंडीतून जाईल अशी होडी

साडू म्हणजे एकाच सासऱ्याने दोनदा केलेली चूक, असं किल्लीवाला नेहमी म्हणायचा, आणि त्यावर सगळ्यात मोठ्याने त्याचा धाकटा साडूच हसायचा. एरवी साडू लग्नकार्यात भेटतात आणि एकमेकांच्या बुटांकडे बघतात. हे दोघे मात्र दर सुट्टीला गळ घेऊन बरोबर बाहेर पडायचे. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी, पण आपला नवरा बहिणीच्या नवऱ्याने बिघडवला यावर दोघी ठाम होत्या.

तळं किल्लीवाल्याचं होतं. कागदोपत्री नव्हे, पण डोंगरामागे पाणी आहे हे त्याने एकट्याने शोधून काढलं होतं. बस सोडते तिथून दमछाक करणारी चढण, मग एक खिंड, इतकी अरुंद की पोट आत ओढून आडवं सरकावं लागे. पलीकडे काळपट, गार पाणी. मोठे मासे मधोमध उसळायचे आणि काठावरून टाकलेला गळ काही तिथवर पोचायचा नाही. धाकट्याची नोकरी गेली आणि तो घरात तोंड लपवून बसला, तेव्हा याने त्याला हाताला धरून तिथे नेलं. तिसऱ्या माणसाला ही जागा कळू द्यायची नाही, असं दोघांनी ठरवलं. बायकांनाही पत्ता नव्हता. नंतर धाकट्याला दुसरी नोकरी लागली, तरी ठरलेलं ते ठरलेलंच होतं.

आता होडी घ्यायची होती. दोघं बसतील अशी, पण पाठीवर मावेल आणि खिंडीतून जाईल अशी. किल्लीवाल्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. चढण आणखी थोडीच वर्षं जमेल हे तो ओळखून होता. त्याआधी एकदा त्या पाण्याच्या मधोमध जायचं, साडूला समोर बसवून गळ टाकायचा, एवढी एकच हौस त्याने मनात धरली होती. खिंडीच्या अगदी चिंचोळ्या जागी दोरी आडवी लावून त्याने मापाला गाठ मारून आणली होती. जन्मभर किल्ल्या कापल्या, त्याचा अंदाजावर विश्वास कसा बसणार?

दुकानातल्या बाईंनी आधी पत्र्याची होडी दाखवली. किल्लीवाल्याने दोरी लावली आणि हसून बाजूला झाला. ती खिंडीतून नेण्यापेक्षा डोंगर सरकवणं सोपं होतं. धाकटा मात्र तिच्याभोवतीच घुटमळत राहिला. हीच घेऊ म्हणाला, दणकट आहे. नेणार कशी, तर तळ्यावर कशाला, धरणावर नेऊ. तिथे गाडी थेट पाण्याला लागते, तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही. कोणाला तरी आपल्या गुडघ्यांची एवढी काळजी आहे, हे ऐकून किल्लीवाल्याला बरं वाटलं. भोळा बिचारा.

मग घडीची होडी आली. ती मापात बसत होती, पण सांध्यांतून पाणी शिरेल, असं धाकट्याने आधीच सांगून टाकलं. शेवटी बाईंनी हवेची होडी पंपाने फुगवून दिली. किल्लीवाल्याने हवा भरायच्या तोंडाशी कान नेला, कुलपाशी न्यायचा तसा, आणि मान डोलावली. दोघं दुकानाच्या फरशीवरच तिच्यात समोरासमोर बसले. गुडघ्याला गुडघे लागले आणि बाईंना हसू आवरेना. हवा सोडून गुंडाळली तर ती गाठीच्या आत आरामात आली, आणि वजनही एका पाठीला पेलेल असं होतं. किल्लीवाल्याचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. धाकट्याला रबर पातळ वाटलं. खुशाल दगडांवरून ओढा, काही होणार नाही, असं बाई म्हणाल्या.

"दगडांचं कोण बोलतंय?" तो वैतागून म्हणाला. "मधे बुडालेली झाडांची खोडं आहेत. वीतभर पाण्याखाली. दिसत नाहीत, पण खालून खरवडतात. एका फेरीत फाटेल ही."

"कुठे मधे?" किल्लीवाल्याने विचारलं.

त्या काळपट पाण्यात काठावरून हातभर आतलंही दिसायचं नाही. मधली खोडं होडीच्या बुडाला लागल्याशिवाय कोणालाही कळणार नव्हती.

बाई शहाण्या होत्या. आत काहीतरी बघायचंय म्हणून त्या निघून गेल्या.

"कोणाबरोबर गेलास?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नव्या नोकरीतल्या साहेबांना मासेमारीचा नाद होता आणि त्यांच्याकडे घडीची होडी होती. बोलता बोलता धाकट्याच्या तोंडून तळं निघून गेलं. एकदाच म्हणून नेलं, मग साहेब आपले मित्र घेऊन आले, आणि आता तर दर सुट्टीला तिथेच जायचं म्हणतात. कामाचं निमित्त करून हा ज्या सुट्ट्या चुकवायचा आणि साडूशिवाय नको म्हणून किल्लीवालाही घरीच थांबायचा, त्या तिथे गेल्या होत्या. किल्लीवाल्याने चुकूनही तिकडे फिरकू नये म्हणून पत्र्याची होडी, म्हणून धरण, म्हणून गुडघे.

किल्लीवाल्याला राग यायला हवा होता. राग आलाच नाही. केसाने गळा कापतात तो असा, आणि कापणारा समोर बसून गुडघ्यांची चौकशी करतो.

"त्यांना माझ्याबद्दल सांगितलंस?"

"जागा मीच शोधली असं सांगितलंय, भाऊ. तेही माझंच तळं म्हणतात त्याला."

किल्लीवाल्याने बाईंना हाक मारली. याच जातीची एका माणसापुरती आहे का, असं विचारलं. होती. तळं तो सोडणार नव्हता, गुडघे चालतील तोवर तर नाहीच. त्याने गठ्ठा पाठीवर घेतला. धाकट्याने पट्टा धरायला हात पुढे केला, तो त्याने बाजूला केला. इतक्या वर्षांत त्याने साडूचा हात पहिल्यांदाच झिडकारला होता.

बाहेर रस्त्यावर धाकटा मागे मागे येत राहिला. दोघी बहिणी किल्लीवाल्याच्या घरी होडी बघायला वाट पाहत बसल्या होत्या.

"भाऊ, हिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. तुम्हाला ती सख्ख्या भावाच्या जागी मानते. घरी काय सांगणार?"

"सांगेन," किल्लीवाला मागे न बघता म्हणाला, "दोघांची मिळाली नाही."