वरची कोरी ओळ

आमच्या पक्षात उमेदवारी कुणी खिशातून काढून देत नाही. जूनमध्ये पक्षाचेच मतदार मतं देऊन उमेदवार ठरवतात, आणि त्या मतपत्रिकेवर नाव यायला आधी पन्नास सह्या लागतात. मार्चमधल्या ठरल्या शुक्रवारी, पाचच्या आत, त्या सह्या काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचेरीत द्यायच्या. वीस वर्षं मी एकटाच देत आलो. मी एल्डन क्रॅटोख्विल, काउंटीच्या मंडळावर निवडून आलेला सुपरवायझर. रस्ते आणि पूल माझ्याकडे.

यंदा माझ्याविरुद्ध ट्वायला नोवाक उभी राहिली. शाळेची बस चालवते. ओढ्यावरचा पूल दोन वर्षं बंद आहे, पोरांना अकरा मैलांचा वळसा पडतो, असं ती गावभर सांगत फिरली. मला ते झोंबलं, कारण ते खरं होतं.

सोमवारी कॅफेत तिचा एक कागद हातोहात माझ्यापर्यंत आला. आमच्याकडे मागेल त्याला सही देतात. सही म्हणजे काही मत नव्हे. अठरा जणांनी दिली होती. वरची ओळ मात्र कोरी. कोणत्या पदासाठी, ते लिहायचंच राहिलेलं. असं पान कचेरीत बाद होतं, आणि सह्या झाल्यावर वर काही लिहिणं ही लबाडी. मी काही न बोलता कागद पुढे सरकवला.

चार दिवस माझं मन मला खात होतं.

शुक्रवारी साडेतीनला ती कचेरीच्या पायऱ्या चढताना दिसली आणि मी हाक मारली. सगळं सांगितलं, सोमवारचंसुद्धा. तिने सह्या मोजल्या. छप्पन्नातल्या अठरा गेल्या. बारा कमी.

"चार दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होती का, एल्डनकाका?"

"हो. बाकीच्या शिव्या गाडीत दे. चर्चमध्ये आज मासे तळतायत."

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार, मटण वर्ज्य, मासे चालतात. चारला अर्धं गाव तिथे ताटं घेऊन रांगेत असतं. ट्वायलाने या खेपेला आधी वरची ओळ भरली. तिचा कागद घेऊन मी रांगेत फिरतोय हे बघून लोक गालातल्या गालात हसत होते. म्हातारी लोरेटा म्हणाली, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस आज पाहिला. पण सही केलीन, तेलकट बोटांनी.

अकरा झाल्या. रांगेतल्या बाकीच्यांच्या सह्या चांगल्या पानांवर आधीच झालेल्या, नाहीतर ते शेजारच्या काउंटीतले, त्यांची सही चालत नाही. साडेचार वाजले होते. ट्वायलाने पेन माझ्यापुढे धरलं.

"तुमची राहिलीये."

मी सही केली.

पाचला दहा कमी असताना कारकूनबाईंनी शिक्का मारला. बाहेर येऊन ट्वायला म्हणाली, जूनमध्ये मात्र गय करणार नाही. मी म्हटलं, करूही नकोस.

वीस वर्षं मी निवडून आलो, असं सांगत फिरत होतो. निवडायला दुसरं होतं कोण? घरी जाताना गाडी ओढ्याकडे वळवली, आडव्या फळ्यांपाशी थांबवली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खाली उतरून पुलाचे खांब पाहिले.