गाणं संपेपर्यंत धरा

मलाकीनं ब्रेकचं पेडल हातानं दाबलं आणि दाबूनच ठेवलं. आधी घट्ट लागलं. मग चिखलात पाय रुतावा तसं हळूहळू खाली जात जात फळीला टेकलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच या पिकअपच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला होता. नवा, खोक्यातला. आणि आज दुपारी हीच गाडी चर्चची अठरा गाणारी माणसं घेऊन माफाचा घाट उतरणार होती. त्या अठरांत मलाकीची पोरगी होती, फेतुआओ.

नीरफणसाखाली चटईवर गाडीचे मालक बसलेले, चालवायचेही तेच. लेआउसा, गावातले सगळ्यांत थोरले मताई, म्हणजे घराण्याचे मुख्य. गावच्या बैठकीत त्यांच्या शब्दापुढं शब्द नाही. शेजारी चार-पाच बाप्ये. मलाकीला मताईपण मिळालेलं नव्हतं. त्यांच्या पुढून जायचं तर कमरेत वाकून, "तुलोऊ, तुलोऊ" अशी माफी मागत. बोलायचं तर आधी खाली बसायचं.

"मलाकीचं काम म्हणजे आमची म्हातारी डुकरीण," त्यांतला पोउली म्हणाला. "उभी केली की परत बसते."

बाप्ये हसले. मताई हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की घातलेला भाग खोटा होता का.

मलाकी बघतो म्हणाला. चारी चाकांमागं बोट फिरवलं. कोरडं. नळ्याही कोरड्या. ब्रेकच्या डबीतलं ऑइल काठोकाठ. बाहेर थेंब गळत नाही आणि पेडल खाली जातंय, म्हणजे सिलिंडरच्या आतली रबरंच दाब धरत नाहीत. पण नवी रबरं तीन आठवड्यांत कशी जातील? त्यानं डबीचं झाकण उघडलं. झाकणातलं रबर चहात पडलेल्या पावासारखं फुगलं होतं.

करवंटीत पाणी घेऊन त्यानं डबीतला थेंब त्यात सोडला. ब्रेकचं ऑइल पाण्यात मिसळून जातं. हे वर तरंगत राहिलं. इंजिनचं ऑइल.

सीटखाली पिवळी बाटली होती, अर्धी झालेली. या गाडीचं बॉनेट मलाकीशिवाय एकच माणूस उघडायचा.

करवंटी चटईपाशी नेली असती तर पोउलीची बोलतीच बंद झाली असती. पण चारचौघांत मताईची चूक दाखवणाऱ्याला गावात कोण उभं करतं? आणि गप्प बसावं, तर पोरगी घाटात.

त्यानं पाणी तारोच्या रोपाच्या मुळाशी ओतलं, फुगलेलं रबर मुठीत घेतलं आणि चटईपुढं जाऊन बसला.

"मताई, मला माझ्या हाताचा भरवसा वाटेना. एकदा तुमच्या पायानं बघाल का? चर्चमध्ये आता शेवटचं गाणं म्हणतील. ते संपेपर्यंत दाबून धरा."

"मताईंना कामाला लावतोय बघा," पोउली म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

मताई उठले. सीटवर बसले, पाय पेडलवर ठेवला. मलाकी उघड्या दारापाशी जमिनीवर बसला, चटईकडं पाठ करून.

पहिल्या कडव्याला मताई समोर बघत होते. दुसऱ्याला त्यांचा वाकलेला गुडघा थोडा सरळ झाला. तिसरं निम्मं होतंय तोवर चप्पल फळीला टेकली. चटईवरून यातलं काही दिसत नव्हतं. मताईंनी पाय काढला नाही. गाणं संपेपर्यंत तसाच धरला.

मलाकीनं मूठ उघडली.

"यात इंजिनचं ऑइल गेलंय," तो हळूच म्हणाला.

"चालत नाही?"

"रबर फुगतं. नवं असलं तरी."

मताई त्या रबराकडं बघत राहिले. तोवर गाणारे बाहेर आले, पिशव्या मागं टाकायला लागले. फेतुआओ चाकावर पाय देऊन चढली. मलाकी बसल्या जागेवरून नुसता बघत होता. मूठ पुन्हा आवळलेली.

मताईंनी किल्ली काढून खिशात घातली.

"गुडघा धरलाय माझा," ते मोठ्यानं म्हणाले. "उतरा सगळे. बसनं जा."

"मी चालवतो की, मताई," पोउली उठलाच.

"बसनं म्हटलं."

फेतुआओ उतरली.

सोमवारी मलाकीनं दुसरा सिलिंडर घातला, नळ्या धुतल्या, चारी चाकांतली ब्रेकची रबरं बदलली. राहिली होती नळ्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर पेडल दाबायचं, एकानं खाली बोल्ट सैल करायचा. पोउली पुढं झाला. मताईंनी त्याला हातानंच बसवलं आणि स्वतः सीटवर चढले.

"दाबा," गाडीखालून मलाकी म्हणाला.

मताईंनी दाबलं.

"धरा."

त्यांनी धरलं.

"सोडा."

शेवटी पोउलीला राहवेना. मताईंचा गुडघा बरा झाला वाटतं, म्हणाला.

"मलाकीला विचार," मताई म्हणाले, आणि पुढचा हुकूम यायची वाट बघत पाय पेडलवर ठेवून बसले.