घुबडाचा आवाज
भाच्याने हौसेने लाकडी घुबड बनवलं होतं. बटण दाबलं की ते चोच उघडायचं. त्याला बोलतं करायला त्याने आवाज वाजवणारे तीन छोटे प्लेअर आणले आणि निवड मावशीवर सोपवली. रेडिओ दुरुस्तीत मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने चक्क कानांत कापूस कोंबला!

"अगं, मग ऐकणार कशी?" भाचा ओरडला.

"ऐकायचंय कुणाला? स्पीकरवर बोट ठेवून चोच बघायचीय."

तिने एकेक जोडून बटण दाबलं. दोन महागड्या प्लेअरांना चोच उघडून झाल्यावर जाग यायची. तिसरा, खरखरणारा, मात्र चोचीबरोबरच बोटाखाली थरथरला.

"हा घे."

भाच्याने नाक मुरडतच तो घुबडात कायमचा बसवला आणि बटण दाबलं. घुबड खरखरत्या आवाजात म्हणालं, "कोण आहे?"

"मी," भाचा बोलून गेला.