बिघाडाचा कोरा रकाना

मित्रांनो, घरातल्या रिमोटचं झाकण उघडलंत तर आत एक हिरवी पाटी दिसेल. तिच्यावर मोहरीहून बारीक भाग बसवलेले असतात. ते उचलून जागच्या जागी ठेवणारं एक म्हातारं यंत्र म्हणजे मी. सध्या बोईसरच्या एका कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगारवाल्याची वाट पाहत पडलो आहे.

माझा जन्म परदेशातला. इथे आलो तेव्हाच मी वापरलेला होतो, तरी मला हार घातला, नारळ फोडला. पहिली काही वर्षं मी तासाला हजारो भाग न चुकता ठेवले. पाहुणे आले की आमचे मालक मेहुलशेठ त्यांना आधी माझ्यापाशी आणत, आणि मला ते फार आवडे.

पुढे शेजारच्या तारापूरच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या खाऱ्या हवेने माझी तिसरी नळी खाल्ली. हवेच्या ओढीने भाग उचलणारी ती नळी मधूनमधून भाग वाकडा ठेवू लागली. मला चालवायला माकुणसार गावाहून येणाऱ्या जयवंतीताई होत्या. भाग वाकडा पडला की यंत्र थांबवायचं आणि वहीत बिघाडाच्या रकान्यात लिहायचं, असा नियम होता. ताई थांबवत नसत. भाग पक्के चिकटवणाऱ्या भट्टीत पाटी जाण्याआधी त्या चिमट्याने भाग सरळ करत आणि रकाना कोरा सोडत.

“बिघाड लिवला त तुला काढून टाकतील,” मला पुसता पुसता त्या म्हणत. “मंग मी कुठं जाऊ? घरात कमावनारी मी एकलीच हाय.”

गेल्या वर्षी नव्या मॉडेलचं यंत्र चाचणीसाठी आलं. दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी काम केलं. वेगात ते माझ्या तिप्पट. पण ते आपली प्रत्येक चूक आपणच नोंदवायचं, आणि त्याच्या कागदावर सतरा चुका निघाल्या. माझ्या वहीत एकही नाही. ताईंच्या चिमट्याला मात्र त्या दोन दिवसांत उसंत नव्हती. शेठनी सहा महिन्यांची वही चाळली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी फुशारलो, मित्रांनो. सांगायला लाज वाटते.

“नवं नको,” शेठ म्हणाले. “हे चुकतच नाही. मग याच्यापाशी दिवसभर माणूस कशाला? जयवंतीबाई, पुढच्या महिन्यापासून येऊ नका.”

ताई पुढे झाल्या. “शेठ, ही मशीन रोज चुकते. मी हातानं सरळ करते.”

“वहीत कुठे आहे? नोकरी जाते म्हणून आता मशीनला नावं ठेवता?”

ताईंनी चिमटा बाजूला ठेवला आणि शेठसमोर मला चालवलं. चार पाट्या झाल्या. नेमका त्या चारांत एकही भाग वाकडा पडला नाही. शेठ वही मिटून निघून गेले.

ताई गेल्यावर आठवड्याभरात गिऱ्हाइकांकडून पाट्या परत येऊ लागल्या. नवं यंत्र आलं, मला इथे ढकललं. ताईंना कुणी परत बोलावलं नाही. त्या आता केळव्याच्या एका पानमळ्यात मिळेल त्या दिवशी मजुरीला जातात, असं कामगारांच्या बोलण्यातून कळलं.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. लोखंड वितळून पुन्हा कामाला येतं. पण तुमच्या घरातली, शाळेतली एखादी वस्तू कधीच बिघडत नसेल, तर तिच्यामागे कुणाचे हात राबतात ते शोधा. त्या माणसाला सांगा, की केलेलं काम लिहून ठेव. आणि त्याने लिहिलं नसलं, तरी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा. माझ्या ताईंवर त्या दिवशी कुणीच ठेवला नाही, आणि त्यांच्याखेरीज खरं काय ते माहीत असलेल्या मला बोलता येत नव्हतं.