वसुधा मॅडमचा स्विंग

"आई, तू इथं काहून आली?" अनुपमनं हातातलं वजन खाली ठेवलं.

सदर भागातल्या त्याच्या जिमच्या दारात वसुधाबाई उभ्या होत्या. अंगात सलवार-कुर्ता, पायांत नवेकोरे बूट. आत फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं घाम गाळत होती. बाईमाणूस पाहून ती घाईघाईनं आपापले टी-शर्ट शोधायला लागली.

"माझी कंबर वळत नाही," त्या म्हणाल्या. "तेवढी वळवून दे."

वसुधाबाईंनी सगळी नोकरी गोल्फ क्लबच्या कचेरीत केली होती. स्पर्धांच्या सूचना काढल्या, मेंबरांचे फोन घेतले, चषकांवरची नावं तपासली. पण गोल्फची काठी कधी हातात धरली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल देताना सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "मैडम, अब आप भी खेलने आइए." सगळे हसले. वसुधाबाईंनी मात्र ते खरंच आमंत्रण मानलं आणि पुढच्याच आठवड्यात त्या मैदानावर हजर झाल्या.

पहिल्याच फटक्याला पाठीत उसण भरली आणि त्या गवतावर कोसळल्या. मेंबर बायका धावत आल्या, पाणी दिलं. त्यांतल्या मिसेस भल्लांनी खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हटलं, "दीदी, आप आराम से बैठकर देखिए ना."

पाठ आठवड्यात बरी झाली. ते वाक्य काही केल्या जाईना.

"डॉक्टरला दाखवलं?" अनुपमनं विचारलं.

"दाखवलं. हाडं ठीक आहेत. बसून बसून आखडली आहे, व्यायाम करा म्हणाले."

"मग सकाळी फिरायला जा ना. गोल्फच काहून?"

"इतकी वर्षं खिडकीतून तो आवाज ऐकला रे. ठक्‌! एकदा माझ्या हातून निघाला पाहिजे."

अनुपमला पोरांना पळवायचं आणि दंड काढायला लावायचं ठाऊक होतं. गोल्फचं काहीच नाही. तो क्लबच्या मोहनजींना भेटला. खेळ शिकवणाऱ्या मोहनजींनी त्याच्या दंडाकडे पाहिलं आणि स्वतःच्या नितंबांवर हात ठेवून हसत म्हणाले, "ये सब काम नहीं आएगा, भैया. ताकत कूल्हे से उठती है. ऊपर का धड़ घूमे, नीचे का थमा रहे."

मग पहाटे, पोरं यायच्या आधी, मायलेकांचा व्यायाम सुरू झाला. कुशीवर झोपून एक हात उघडत पाठीमागं नेणं. रबरी पट्टा ओढत छाती वळवणं. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं. सुरुवातीला वसुधाबाईंचं सगळं धड लाकडी कपाटासारखं एकदम वळायचं.

"आई, गुडघा नको फिरवू. फक्त छाती."

"छाती वेगळी फिरते हेच मला आज समजून राहिलं."

एकदा त्यानं त्यांना एका पायावर उभं केलं. पडल्या तर धरावं म्हणून शेजारी हात पसरून उभा राहिला. त्या हलल्या नाहीत.

"आता डोळे मीट."

त्यांनी मिटले. भरतीची धट्टीकट्टी पोरं इथंच भेलकांडायची. वसुधाबाई खांबासारख्या उभ्या. अनुपमचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

"हे कुठं शिकली तू?"

"शिकायचं काय त्यात?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "बाबा गेले त्या वर्षी तुझा पाय मोडला होता. प्लास्टर घातलेला तू कडेवर, दुसऱ्या हातात पिशवी, अन् आपण राहायचो तिसऱ्या माळ्यावर. जिन्यात दिवा नव्हता. प्रत्येक पायरीला एका पायावर थांबून पुढची चाचपायची. पडून कसं चाललं असतं?"

अनुपमला ते प्लास्टर आठवत होतं. त्यावर काढलेलं विमानही आठवत होतं. जिना मात्र आठवेना. आपण वर कसे पोचत होतो, हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता. रोज शरीरं पाहणारा, दंड-मांड्यांची मापं सांगणारा तो, आईच्या साध्या पावलाकडे बघत राहिला. जमिनीला असं धरून उभं राहणारं पाऊल त्यानं कुणाचंच पाहिलं नव्हतं.

"उतरवू का पाय?" त्यांनी विचारलं.

"उतरव," तो म्हणाला.

थंडीत बायकांची स्पर्धा झाली. वसुधाबाईंनी नाव दिलं. अनुपम दोरीबाहेर उभा होता. गवतावर दव होतं, लांबवर काळे खडक धुक्यातून वर येत होते. नाव पुकारल्यावर वसुधाबाई चेंडूपाशी गेल्या. मिसेस भल्ला बाजूलाच होत्या. त्यांनी बोलणं थांबवलं.

वसुधाबाईंनी पाय रोवले. छाती वळली, वळत गेली, कंबर खाली थांबली. मग नितंब आधी सुटले आणि त्यांच्यामागून हात आले.

ठक्‌.

सगळ्यांच्या माना चेंडूमागं वळल्या. तो फार लांब नाही, पण सरळ गेला. "अरे वाह, दीदी!" मिसेस भल्ला ओरडल्या. अनुपमनं चेंडू पाहिलाच नाही. काठी खांद्यामागं, सगळा भार डाव्या पायावर, चेहरा उजेडाकडे, अशी ती साठीची बाई जराही न डगमगता उभी होती आणि तो तिच्याकडेच पाहत होता.

त्या दिवशी त्या शेवटच्या आल्या. बक्षीस कुणाला मिळालं, तेही अनुपमला नंतर सांगता आलं नाही.

त्याला आठवत राहिलं ते एवढंच: पहिल्या फटक्यानंतर बायका बोलत बोलत उतारावरून निघाल्या. दोरीच्या पलीकडे जायची त्याला परवानगी नव्हती. धुक्यात आकृत्या लहान होत गेल्या. त्यांतली एक ताठ पाठीची, लांब ढांगा टाकणारी, सगळ्यांच्या पुढं चालली होती. पाठमोरी, क्षणभर त्याला ती ओळखूच आली नाही.