मॅक, पीसी आणि आठ दिवसांची रजा

त्या वर्षी दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, तरी सांगलीतल्या आप्पासोंच्या छापखान्यातला एक विषय काही संपेना. मॅक घ्यायचा की पीसी? चहावाला कप ठेवता ठेवता विचारायचा, बायंडिंगच्या बाया कागद दुमडता दुमडता विचारायच्या. ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर फक्त बँकेच्या काचेआड पाहिला होता, तेही ठासून सांगत होते की घ्यायचा तर मॅकच, नाहीतर घेऊच नका. एकच माणूस गप्प होतं, आणि निकाल नेमका त्याच माणसानं द्यायचा होता. अंजनाबाईंनी.

अंजनाबाई छापखान्याच्या आर्टिस्ट. एकोणीस वर्षं झाली त्यांना. द्राक्षांच्या पेट्या, बेदाण्याची पाकिटं, लग्नपत्रिका, कारखान्याचे अहवाल. सांगली-तासगावकडं जे काही रंगीत छापून निघायचं, त्यातलं बरंचसं त्यांच्या टेबलावरून जायचं. टेबल म्हणजे दुधी काच आणि तिच्याखाली पेटलेली ट्यूबलाइट. काचेवर फिल्म ठेवायची, ब्लेडनं कापायची, चिकटवायची. चार रंगांच्या चार फिल्म एकमेकींवर अशा बसवायच्या की केसभर सरकता कामा नये. या कामानं त्यांची मान डावीकडं कलली ती कललीच. घरी मेथी निवडतानासुद्धा त्या पान उजेडाला धरून एक डोळा मिटायच्या. त्यांचे यजमान महेंद्र एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणायचे, "अगं, भाजी हाय ती. फिल्म न्हवं."

अंजनाबाई थकल्या होत्या. ताप नाही, दुखणं नाही, डॉक्टरकडं जाऊन सांगण्यासारखं काही नाही. पण सकाळी उठल्यावरच संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. शिराळ्याला त्यांची आई राहायची. दर खेपेला ती एकच म्हणायची, "आठ दिस ये आन नुसती पड." अंजनाबाई शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं जायच्या आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत यायच्या. आठ दिवस कधी जमलेच नाहीत. त्यांचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, मग आठ दिवस छापखाना बसवून ठेवायचा का? एकदा भावाच्या लग्नाला चार दिवस गेल्या, तर तिसऱ्या दिवशी आप्पासोंनी जीप पाठवली होती. अंगाची हळद निघायच्या आत करवली काचेवर वाकलेली. ही गोष्ट आप्पासो सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. अंजनाबाईही हसायच्या.

जूनमध्ये आप्पासोंनी त्यांना दहा दिवस पुण्याला पाठवलं होतं. छापखान्याच्या फिल्म जिथं बनायच्या, तिथं सगळे मॅकच होते. पहिले दोन दिवस अंजनाबाईंना माऊस धरायचीही भीती वाटली. हात इकडं हलवला की पडद्यावरचा बाण भलतीकडंच पळायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी द्राक्षाचा एक घड फोटोतून अलगद वेगळा केला. कडा बोटानं पुसावी तशी मऊ केली. ब्लेड नाही, चिकटपट्टी नाही, बोटाला कापणं नाही, आणि चुकलं तर मागं येता येत होतं. मागं येता येतं ही गोष्ट त्यांना इतकी नवलाची वाटली, की त्या दिवशी त्यांनी उगाच दोनदा चुकून पाहिलं. परत आल्यावर कुणाला काही बोलल्या नाहीत. पण पुढं महिनाभर जेवताना त्यांचं बोट ताटाच्या कडेवरून माऊससारखं फिरत होतं.

म्हणजे मन कुठं होतं ते सांगायला नकोच.

आप्पासोंनी मग परीक्षाच ठेवली. पुण्याचा माणूस मॅक घेऊन आला, सांगलीतल्याच विश्रामबागेतला एकजण सुटे भाग जोडून बनवलेला पीसी रिक्षातून घेऊन आला. दोन्ही शेजारी शेजारी मांडले. परीक्षक म्हणून बोलावलं केरबाअण्णांना. हे तासगावचे द्राक्षबागायतदार, छापखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिकडं पेटीला नाव द्यायचं ते घरातल्या नव्या पोराचं. मोठा नातू झाला तेव्हा पेटी 'विश्वजित' झाली. आता धाकटा झाला होता, तेव्हा पेटी 'ऋतुराज' व्हायची होती. नुसतं नाव नको, पोराचं तोंड घडात पाहिजे, असा अण्णांचा हट्ट होता. घडातला मधला मणी काढायचा आणि तिथं ऋतुराज.

मॅकवर अंजनाबाई बसल्या. वीस मिनिटांत ऋतुराज घडात असा बसला, जणू वेलीलाच लागला होता. पीसीवर विश्रामबागवाला स्वतः बसला. मधेच मशीन थिजलं, ते बंद करून पुन्हा चालू केलं, आणि पाऊण तासानं ऋतुराज उगवला तो एका कानाचा. सगळे हसले. विश्रामबागवाला घाम पुसत म्हणाला, की कान आणतो, फक्त पाच मिनिटं द्या. खरंच आणला. केरबाअण्णांनी खिशातून मूठभर बेदाणे काढले, एक मॅकच्या काचेला लावला, एक पीसीच्या काचेला लावला, दोन्ही खाल्ले आणि निकाल दिला.

"आप्पासो, पोरगं ह्या बाईच्या हातात शोभतंय. ह्या बाईला हीच मशीन द्या."

मॅकची किंमत अडीचपट होती. आप्पासोंनी ती ऐकून एकदा डोळे मिटले, पण माणूस दिलदार.

"माझं काय म्हणणं न्हाई," ते म्हणाले. "बसणार अंजनाबाई. त्यांच्याबिगर त्याला कोण हात लावणार हाय? त्या म्हणतील ते. शनवारी सांगा बाई."

सगळ्यांनी अंजनाबाईंकडं असं बघितलं, जणू त्यांच्या गळ्यात हार पडला. त्यांनाही क्षणभर तसंच वाटलं. मग त्या पाणी प्यायला म्हणून मागं मशीनखोलीत गेल्या.

मशीनखोलीत धुळामामा होते. म्हसवडकडचे. घरची मेंढरं सोडून तरुणपणी सांगलीला आलेले आणि तेव्हापासून ऑफसेट मशीनला चिकटलेले. ते जुनं मशीन फक्त मामांचं ऐकायचं. शाई किती सोडायची, पाणी किती ठेवायचं, कुठला बोल्ट पाव फेरा ढिला ठेवायचा, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मामांनी ते कुणाला शिकवलंही नव्हतं. दुसऱ्या कुणी मशीनला हात लावला तर दोन दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत.

मामा आज गप्पगप्प रोलर पुसत होते. अंजनाबाईंनी विचारलं तेव्हा कळलं, की आज म्हसवडला सिद्धनाथाचा रथ. आत्ता या वेळी रथ निघाला असेल, गुलालानं रस्ता दिसत नसेल, भाऊबंद सगळे दोराला लागले असतील.

"मग गेला का न्हाई तुमी?"

"कसा जाऊ? सीझनच्या पेट्या लागल्यात. माझ्याबिगर हे चालतंय व्हय?" मामांनी मशीनवर थाप मारली. बैलाच्या पाठीवर मारतात तशी, मोठ्या अभिमानानं. मग रोलरकडं बघत म्हणाले, "तेरा वर्सं झाली ताई, रथ बघून."

अभिमान आणि तेरा वर्षं त्यांनी एका दमात सांगितली. त्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. अंजनाबाईंनी हातातलं पाणी तसंच ठेवलं.

पुढचे तीन दिवस त्या काचेवर वाकून काम करत राहिल्या आणि डोक्यात तेच फिरत राहिलं. सगळ्या सांगलीत मॅकवर काम येणारं दुसरं कुणी त्यांना माहीत नव्हतं. बिघडला तर पुण्याहून माणूस यायचा. कुठल्या क्लासात तो शिकवत नव्हते. मॅक आला असता तर त्यांचाच झाला असता, पुरता त्यांचा, जसं ते ऑफसेट मशीन मामांचं होतं. मग वयाच्या साठीपर्यंत त्यांना तिथून कुणी उठवलं नसतं. आणि त्यांनाही उठता आलं नसतं.

पीसीचं उलटं. विश्रामबागेत गल्लोगल्ली क्लास निघाले होते. पंजाबी ड्रेस घातलेल्या, प्लॅस्टिकच्या डबीत फ्लॉपी घेतलेल्या पोरी सायकलींवरून घोळक्यानं जाताना त्यांना रोज दिसायच्या. त्यातली कुणीही उद्या येऊन बसली असती. अंजनाबाईंना एक्केचाळिसावं चालू होतं. त्या पोरींची बोटं किती भरभर चालतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

रात्रीच्या भाकरी करताना महेंद्रना सांगितलं. त्यांनी ताट पुढं ओढलं. मग म्हणाले, "मॅक घेतलास तर मालक तुझ्या मुठीत. पीसी घेतलास तर तू मोकळी. पर मोकळं माणूस कुणाला लागत न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

डेपोतल्या माणसाला हे बरोबर कळलं होतं. अंजनाबाईंनी भाकरी उलटली.

शनिवारी आप्पासोंच्या टेबलापुढं उभ्या राहून त्या म्हणाल्या, "पीसी घ्या."

आप्पासोंना आधी वाटलं बाई चेष्टा करतायत. अंजनाबाईंनी कारणं दिली. गिऱ्हाइकं फ्लॉपी आणतात त्या पीसीच्याच. बिघाड झाला तर माणूस अर्ध्या तासात सायकलवरून येतो. पुण्याचे फिल्मवाले पीसीचं कामही घेतात, त्यांना फोन करून विचारलंय. सगळी कारणं खरी होती. शेवटी म्हणाल्या, "आन क्लास झालेली एक पोरगी ठेवा. मी शिकवते तिला सगळं."

"सगळं?" आप्पासोंनी विचारलं.

"सगळं."

धुळामामा दारात शाईचा डबा घेऊन उभे होते. दुपारी डबा खाताना त्यांनी आपली भाकरी बाजूला सारली. म्हणाले, "ताई, सोताच्या हातानं दार उघडून दिलासा." त्यानंतर ते दोन दिवस अंजनाबाईंशी बोलले नाहीत.

पीसी आला. आप्पासोंनी नारळ फोडला आणि हळदीकुंकू नेमकं फ्लॉपी घालायच्या फटीवर लावलं. पहिल्या दिवशी विश्रामबागवाला आला तो कापसाच्या बोळ्यानं कुंकू काढायलाच. दुसऱ्या आठवड्यात स्वप्नाली आली. बावीस वर्षांची, आटपाडीकडची, बोलायला तोंडाळ पण कामाला चोख. तिला कीबोर्डच्या सगळ्या कळा पाठ होत्या, पण द्राक्ष कसलं दिसतं ते ठाऊक नव्हतं. तिचा हिरवा रंग पडद्यावर असा झळकायचा, की बघतच राहावं. कागदावर उतरला की शेवाळ. अंजनाबाईंनी तिला शिकवलं, की पडद्याचं ऐकायचं नाही, त्यात निळा इतका कमी करायचा आणि पिवळा इतका वाढवायचा, म्हणजे मामांच्या मशीनवर तो बरोबर उतरतो. हे आकडे कुठल्या क्लासात नव्हते. एकोणीस वर्षांत डोळ्यांनी जमवलेले होते. स्वप्नालीनं ते वहीत उतरवून घेतले. दीड पान झालं. अंजनाबाई त्या दीड पानाकडं बघत बसल्या. त्यांना वाटलं होतं, निदान एक वही तरी भरेल.

मार्चमध्ये ऐन सीझनात त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली. आप्पासोंनी मान हलवली. नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही.

शिराळ्याला पहिले दोन दिवस अंजनाबाई नुसत्या झोपल्या. आई उठवायची, जेवायला घालायची, त्या पुन्हा झोपायच्या. तिसऱ्या दिवशी अंगणात बसल्या. चौथ्या दिवशी आईचे तांदूळ निवडले, ते निवडून झाल्यावर पुन्हा निवडले. पाचव्या दिवशी दुपारी शेजारच्या अंबूबाईंच्या दुकानातून हाक आली, "अंजने, सांगलीचा फोन हाय गं."

त्या उठल्या त्या झटक्यानं. एका पायात आईची चप्पल, एका पायात स्वतःची. दुकानापर्यंत पन्नास पावलं. तेवढ्यात त्यांनी सगळं मनात मांडलं. पेट्यांची फिल्म उलटी आली असेल, नाहीतर मामांनी स्वप्नालीशी भांडण काढलं असेल. जीप पाठवू नका म्हणायचं. चारच्या गाडीनं निघाल्या तर दिवस मावळायच्या आत पोचतील. आई रागावेल. रागावू दे.

"बोला आप्पासो. काय अडलं?"

"काय न्हाई हो," आप्पासो म्हणाले. मागं मशीनचा ठेका ऐकू येत होता, अगदी बरोबर लागलेला. "उगंच केला. म्हटलं बाई कशा हायत बघावं. केरबाअण्णांच्या पेट्या गेल्या काल. लय खूश हायत. पोरगी बरी शिकवलासा."

"रंग?"

"चांगला आला की. आवं, तुमी निवांत ऱ्हावा. आनखी चार दिस ऱ्हायलासा तरी चालंल."

अंजनाबाईंनी बरं म्हटलं. फोन ठेवला. अंबूबाई गूळ कागदात बांधत होत्या. त्यांनी विचारलं, "बोलावलं काय गं?"

"न्हाई."

"मग बरं झालं की."

"व्हय," अंजनाबाई म्हणाल्या, आणि तिथंच ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. कोसभर उन्हातून चालत आल्यासारखं झालं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. अंबूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी संपवला.

घरी आल्या तेव्हा आई दारातच उभी होती. पिशवी भरायला कुठली साडी काढू, असं तिनं विचारलं. इतक्या वर्षांची सवय.

"कुठली नको," अंजनाबाई म्हणाल्या. "आजून चार दिस हाय मी."

आईचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा विचारलं. अंजनाबाईंनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. झोप येत नव्हती. पण उठायचंही काही कारण नव्हतं.