पडदा बंद

ऑनलाइन अर्जात एक्केचाळीस प्रश्न होते आणि दर वीस मिनिटांनी तो आपोआप बंद पडायचा. एका प्रश्नात 'आपल्या उत्पादनाची दूरदृष्टी' दीडशे शब्दांत मागितली होती. दुसऱ्यात तीच दूरदृष्टी ऐंशी शब्दांत. मालकाच्या अगदी नाकी नऊ आले. मालक म्हणजे नावाचाच. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत तीन माणसांची कंपनी. बाकीचे दोघे चिडवायला त्याला मालक म्हणायचे.

त्या दोघांतला एक मास्तर. आधी शाळेत गणित शिकवायचा, आता प्रोग्राम लिहायचा. दुसरी मालकाची मोठी बहीण, ताई. ताईला जन्मापासून दिसत नव्हतं. तिच्यासारख्यांना मालिका बघता यावी, म्हणजे पडद्यावर कोण आलं, कोणी कोणाकडे रागाने पाहिलं, हे मधल्या शांततेत कानात सांगणारं अ‍ॅप त्यांनी बनवलं होतं. पण मालिकेचा भाग आदल्या दिवशी हातात आल्याशिवाय ते सांगणार काय? ते भाग होते वाहिनीकडे, आणि वाहिनी छोट्या कंपन्यांना विचारायची वर्षातून एकदा, आपल्या नवकल्पना उपक्रमात. यंदाचा विषय होता 'सर्वांसाठी टीव्ही'. मालकाला वाटलं, हा विषय आपल्याच घरात बसून काढलाय. त्याच भरात त्याने ताईला रुग्णालयातली टेलिफोन ऑपरेटरची अठरा वर्षांची नोकरी सोडायला लावली. "मी आहे ना," असं वर छाती फुगवून सांगितलं.

ताईचा एक नियम होता. काम तपासताना मॉनिटर बंद. "डोळे मिटून बसतो म्हणाल, पण तुम्ही दोघे चोरून बघता," ती म्हणायची. "बटणच दाबा."

अर्जासोबत दीड मिनिटाची चित्रफीत द्यायची होती. मालिकेसारखा एक प्रसंग त्यांनी जिन्यात स्वतःच चित्रित केला आणि मधलं सगळं ताईने आपल्या आवाजात सांगितलं. काय आवाज लागला होता तिचा! तिघांनी मॉनिटर बंद करून फीत तीनदा ऐकली. "फर्स्ट क्लास," मालक म्हणाला आणि शुक्रवारी मुदतीच्या तासभर आधी अर्ज गेला.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. 'सादर केलेल्या चित्रफितीत कोणताही आशय आढळला नाही. सबब अर्ज छाननीतून वगळण्यात येत आहे.'

मालकाने फीत लावली. दीड मिनिट नुसता काळाकुट्ट पडदा, आणि त्यावर ताईचा आवाज. आवाज स्वच्छ करताना मास्तरने चित्र बंद केलं होतं, ते परत चालू करायचं राहिलं होतं. मालकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, गणिताचा मास्तर ना तू?"

"आणि तीनदा तपासलं कोणी?" मास्तरही तापला. "माझ्यावर खापर फोडू नकोस. मी एकटा नव्हतो इथे."

मालकाने वाहिनीत फोन लावला. चार जणांकडून फिरत तो एका अधिकाऱ्यापर्यंत पोचला.

"साहेब, आवाज आहे हो त्यात! आंधळ्या माणसांसाठीच आहे ते."

"असेल. पण चित्रफितीत चित्र लागतं."

"पाच मिनिटांत चित्रासकट पाठवतो."

"मुदत शुक्रवारी संपली. पुढच्या वर्षी बघा."

"निदान ऐकलं तरी का कोणी?"

"काळी फीत यंत्रच बाजूला काढतं. आमच्यापर्यंत येतच नाही."

फोन ठेवला तेव्हा ताई आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

"माझा आवाज नीट होता?" तिने विचारलं.

"एकदम नीट."

"अठरा वर्षं माझं तोंड न बघता लोकांनी माझं ऐकलं," ती म्हणाली. "आणि ह्यांना दीड मिनिट जमेना." मग खुर्ची चाचपून बसली. "नियम माझाच होता रे."

"नियम बरोबर होता, ताई."

"हो ना, म्हणूनच तर गेला अर्ज."

मालकाला कोणावर तरी जोरात ओरडायचं होतं, पण समोर ओरडण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. ताईने मोबाइल काढला.

"रुग्णालयात विचारते. माझ्या जागी अजून कोणाला घेतलं नसेल तर जाते परत."

"आज नको," मालक घाईघाईने म्हणाला. "उद्या बघू ना."

"का? उद्या काय होणारे?"

नंबर तिच्या बोटांना पाठ होता. दोनदा घंटी वाजली आणि एक गोड, सपाट आवाज बोलू लागला. 'अपघात विभागासाठी एक दाबा. बाह्यरुग्ण विभागासाठी दोन दाबा.' ताईने कुठलंच बटण दाबलं नाही. नऊपर्यंत सगळं ऐकलं, तो आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तेव्हा फोन बंद केला.

"मशीन बसवलंय," ती म्हणाली. मग तिने तोंड नेमकं मालकाच्या दिशेला वळवलं. "तुला माहीत होतं."

"बसवून दोन महिने झाले," मालक म्हणाला. "मला वाटलं, आपला नंबर लागेलच."